हिंगोलीचा रकाना

महाराष्ट्राच्या प्रादेशिक अनुशेषाची मोजणी ज्या दिवसावर उभी आहे, तो दिवस म्हणजे १ एप्रिल १९९४. हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९९९ ला. राज्याच्या कोणत्या भागाचे किती देणे बाकी आहे हे ज्या वहीत लिहिले गेले, तिचा पाया घातला गेला तेव्हा हिंगोली हा परभणीचा एक कोपरा होता. पुढे त्या वहीवर राज्यपालांनी निर्देश काढले, मंत्रिमंडळाने कपाळाला आठ्या घातल्या, उच्च न्यायालयाने निकाल दिला, विधिमंडळाने कायद्यात कलम घातले. एवढे सगळे झाले, पण वहीतला पाया बदलला नाही.

ही गोष्ट सांगायची तर १९५३ पासून सांगावी लागते. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, देवीसिंह चौहान अशा मंडळींनी त्यावर सह्या केल्या. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यायचे, नोकऱ्यांत आणि तंत्रशिक्षणात वाटा द्यायचा, वर्षातून एकदा सरकारने नागपूरला बसायचे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि निझामाच्या राजवटीतून सुटून त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती. हिंगोलीची तोवरची ओळख म्हणजे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. निझामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी ती फौज होती. पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, असा कारभार या गावाने अनेक वर्षे जवळून पाहिला होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. विनाअट आला, असे मराठवाड्यात आजही अभिमानाने आणि थोड्या कडवटपणे सांगतात. ते तंतोतंत खरे नाही. मराठवाड्याने अट घातली नसेल, पण राज्यघटनेने घातली होती. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासखर्चाचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी, या तिन्ही गोष्टींची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींनी आदेश काढून राज्यपालांवर सोपवावी, अशी त्यात तरतूद होती. मंडळांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा होता.

ही तरतूद दिसते तितकी साधी नाही. संसदीय पद्धतीत राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, पैसा विधानसभा मंजूर करते आणि मंत्री त्या विधानसभेला जबाबदार असतात. इथे मात्र निवडून न आलेल्या माणसाच्या हाती वाटपाची तागडी दिली होती. शिवाय राज्यपालांची ‘विशेष जबाबदारी’ ही १९३५ च्या भारत सरकार कायद्यातली कल्पना. १९३७ च्या निवडणुका जिंकूनही काँग्रेसने महिनोन्महिने मंत्रिमंडळे बनवायला नकार दिला होता, तो याच अधिकारांच्या धास्तीने. मुंबई इलाख्यात त्या काळात धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ चालले आणि बाळासाहेब खेर जुलैमध्ये सत्तेवर आले. ज्या हत्याराला काँग्रेसने एकेकाळी हात लावू दिला नव्हता, तेच तिच्या राजवटीत घटनेत आले. या वेळी निमित्त निराळे होते. बहुमताच्या राज्यात कमी आमदारांच्या प्रदेशाचे कोण बघणार, असा प्रश्न होता. मराठवाड्याचे आमदार कितीही एकवटले तरी सभागृहात ते अल्पसंख्यच राहणार होते. राज्यपालाला मते मागायची नसतात, म्हणून वाटप त्याच्याकडे दिले. मला ही मांडणी आजही सयुक्तिक वाटते. तिच्यात एकच खोट होती: राष्ट्रपतींनी आदेश काढावा असे घटनेत आहे, कधी काढावा हे नाही.

आदेश निघाला १९९४ साली. म्हणजे अडतीस वर्षांनी.

या अडतीस वर्षांत मंडळे नकोत, असे कोणत्या सरकारने उघडपणे म्हटले असे नाही. करू, बघू, अभ्यास चालू आहे, एवढ्यावर निभावले. मुंबईतल्या कोणत्याही मुख्यमंत्र्याला आपल्या अर्थसंकल्पावर मलबार हिलच्या राजभवनातून देखरेख नको होती, आणि दिल्लीला राज्यातल्या स्वपक्षीयांना दुखवायचे नव्हते. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद ३७१(२) चा धोशा लावून बसली होती. अनंत भालेराव ‘मराठवाडा’ दैनिकातून लिहीत होते. ऐकणारे मात्र थोडे.

मग १९७४ उजाडले. परभणीत कृषी विद्यापीठ येऊन दोनच वर्षे झाली होती. तिथल्या आणि एकूणच सरकारी नोकऱ्यांत मराठवाड्याच्या पोरांना डावलले जाते, हा संताप आधीच धुमसत होता. वसमतला विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, तरुण पोरांचे बळी गेले आणि मराठवाडा विकास आंदोलन सगळीकडे पेटले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज हिंगोलीत आहे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदचे, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या काठाचे. पोरे जे मागत होती ते अनुच्छेद ३७१(२) च्या तिसऱ्या खंडात अठरा वर्षे आधीच लिहिलेले होते. सरकारी सेवेत पुरेशी संधी, एवढेच. पुढच्या वर्षी नाईक पदावरून गेले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला पहिला मुख्यमंत्री मिळाला, मंडळ मात्र मिळाले नाही.

वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची सत्यशोधन समिती नेमली. दांडेकरांनी रडगाण्याचे गणित केले. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, विजेचे पंप अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे ते बघायचे आणि ती तूट भरायला किती पैसे लागतील ते लिहायचे. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटींचा. त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी, विदर्भाचे सुमारे १,२४७ कोटी. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष १,१८९ कोटी निघाला. पश्चिम महाराष्ट्र सगळा हिरवागार, हा मराठवाड्यातला लाडका समज त्या आकड्याने थोडा ढिला केला. त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळाने विकास मंडळे स्थापन करण्याची शिफारस करणारा ठराव एकमताने केला. एकमताने झालेल्या ठरावाला अमलात यायला दहा वर्षे लागली. विरोध करणाऱ्याला निदान नाव असते. एकमताने केलेल्या दिरंगाईचा जाब कोणाला विचारायचा?

९ मार्च १९९४ ला राष्ट्रपतींचा आदेश आला आणि ३० एप्रिलला राज्यपालांनी विकास मंडळांचा आदेश काढला. राज्यपाल होते डॉ. पी. सी. अलेक्झांडर. हा माणूस मुळात सनदी अधिकारी, इंदिरा गांधींचा प्रधान सचिव. शोभेच्या पदावर बसून फिती कापणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. फाइल कशी चालते आणि कुठे अडते, हे त्यांना मंत्र्यांइतकेच, कदाचित जास्तच ठाऊक होते. त्या आदेशाची भाषा बघण्यासारखी आहे: राज्यपालांनी ठरवलेले वाटप वार्षिक वित्तीय विवरणात दाखवायचे आणि एका मंडळाच्या क्षेत्राचा निधी दुसऱ्या मंडळाच्या क्षेत्रात वळवायचा नाही. मंत्रालयातल्या नियोजन आणि वित्त विभागांच्या टेबलांवर हे वाक्य आले तेव्हा तिथले वातावरण कसे झाले असेल, याची कल्पना करता येते. पैसे मार्चअखेर इकडचे तिकडे करणे हा ज्यांचा दरसालचा हातखंडा, त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच कुंपण घातले होते.

अलेक्झांडर यांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली. तिने १ एप्रिल १९९४ हा पाया धरला आणि २००० पर्यंत हिशेब पक्का केला. दांडेकरांचे तीन हजार कोटी आता सुमारे १४ हजार कोटींवर गेले होते. मराठवाड्याचे सुमारे ४ हजार कोटी. एकूण अनुशेषात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या सिंचनाचा. त्या आधारावर राज्यपालांनी डिसेंबर २००१ मध्ये सविस्तर निर्देश काढले.

आणि इथे हिंगोलीचा घोळ येतो. नारायण राणे मुख्यमंत्री असताना १ मे १९९९ ला एकाच दिवशी गोंदिया आणि हिंगोली हे दोन जिल्हे झाले. हिंगोलीला पाच तालुके मिळाले: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ. जिल्हाधिकारी आले, पाट्या बदलल्या. सिंचनाच्या वहीत मात्र परभणी हा एकच रकाना होता, आणि त्या रकान्याची सरासरी जायकवाडीच्या आणि पूर्णेच्या कालव्यांनी बरीच सावरलेली होती. एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर विहीर दिसते. वाटणी झाल्यावर ती थोरल्याच्या हिश्शात गेलेली असते, तसे झाले. जायकवाडीचा डावा कालवा परभणीतच राहिला. पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण औंढ्यात, पण त्याचे पाणी वसमतला हात लावून परभणी, नांदेडकडे जाते. पैनगंगेवरचे ईसापूर कळमनुरीच्या कडेला, त्याचा मोठा लाभ नांदेडला. वसमतकडे ऊस आणि हळद उभी राहते. सेनगावच्या माळावरचे सोयाबीन आणि तूर आभाळाकडे बघत वाढते. या दोन गावांची सरासरी काढली तर दोघांचेही बरे चालले आहे असे दिसते. हिंगोलीचा सिंचन अनुशेष वेगळा मोजा, ही मागणी इथले लोकप्रतिनिधी पुढे वर्षानुवर्षे करीत राहिले. दांडेकरांनी जिल्हा हे एकक धरले ते त्या काळात उपलब्ध आकडेवारीच्या सोयीने. पण एकदा एकक ठरले की ते शासनात धर्मशास्त्रासारखे पाळले जाते. याच प्रश्नावरच्या विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक सुचवले, तोवर हिंगोली चौदा वर्षांची झाली होती.

मंत्रिमंडळ स्वस्थ बसले होते असे नाही. राज्यपालांचा अंमल चालतो तो अर्थसंकल्पातल्या पैशावर. मग अर्थसंकल्पाबाहेर पैसा उभा केला तर? १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले आणि त्याने रोखे काढून प्रचंड पैसा उभारला. कारण खोटे नव्हते. बच्छावत लवादाने ठरवून दिलेले कृष्णेचे पाणी मे २००० च्या आत अडवायचे होते. पण मराठवाड्यातून बघणाऱ्याला त्यातून एवढेच दिसले की एका बाजूला राजभवनात तागडी तोलली जाते आहे आणि दुसऱ्या बाजूला मागच्या दाराने पोती चालली आहेत. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आले ते १९९८ मध्ये, रांगेत शेवटी.

२००१ च्या निर्देशांनंतरही निधी वळवल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. प्रकरण न्यायालयात नेले ते विदर्भातल्या मंडळींनी, अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख त्यांत पुढे. बी. टी. हे विधान परिषदेतले जुने, नियमांचे पुस्तक पाठ असलेले आमदार. सभागृहात बोलून जे झाले नाही ते त्यांनी याचिकेतून मागितले. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्यपालांचे निर्देश राज्य सरकारवर बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. त्याआधी २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात अनुशेष निर्मूलनाचे कलम येऊन राज्यपालांच्या निर्देशांना विधिमंडळानेही मान्यता दिली होती. कागदावर बघितले तर सगळी बांधणी पुरी झाली होती. राष्ट्रपती, राज्यपाल, विधिमंडळ, न्यायालय, चारही खांब एका बाजूला. मंत्रिमंडळाला आता हुकूम मोडायची सोय उरली नव्हती.

मोडायची गरजही नव्हती. मंडळांना मुदत होती आणि ती वेळोवेळी वाढवावी लागे. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. उद्धव ठाकरे यांच्या सरकारने ती वाढवून घेतली नाही. करोनाचे दिवस होते, टाळेबंदी होती. मराठवाड्याचे विकास मंडळ संपल्याची बातमी त्या गदारोळात कोणाच्या लक्षात आली असेल तर ती दोन-चार जुन्या कार्यकर्त्यांच्या.

६ नोव्हेंबर २०२० ला मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नेमायच्या बारा जणांची यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. राज्यपालांनी ती मंजूर केली नाही, नाकारली नाही, परतही पाठवली नाही. यादी राजभवनात राहिली. मग १ मार्च २०२१ ला विधानसभेत मंडळांचा विषय निघाला, तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगून टाकले की राज्यपाल बारा नावे जाहीर करतील तेव्हा मंडळांचेही जाहीर करू. देवेंद्र फडणवीस यांनी लगेच सरकारच्या पोटातले ओठावर आले म्हणून गहजब केला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पवारांनी सभागृहात दुर्मीळ प्रामाणिकपणा दाखवला होता. मंडळ विकासासाठी असते, बारा आमदार साहित्य, कला, समाजकार्यासाठी असतात. दोन्ही घटनेतल्या तरतुदी, एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या. त्या दिवशी त्या एकाच दावणीला बांधल्या गेल्या. राज्यपाल सही करीत नाहीत म्हणून मंत्रिमंडळ सही करीत नाही, असा तो सामना.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बारा नावांच्या प्रकरणात निकाल दिला. नावे मान्य करावीत की नाकारावीत हे राज्यपालांनी वाजवी वेळेत ठरवलेच पाहिजे, आठ महिने हा वाजवी काळ नव्हे, पण आम्ही राज्यपालांना आदेश देऊ शकत नाही, असे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने म्हटले. राज्यपालांनी त्यानंतरही वर्षभर काही ठरवले नाही. सरकार बदलल्यावर, सप्टेंबर २०२२ मध्ये, नव्या सरकारने यादी मागे घेतली.

दरम्यान हिंगोलीत दुसरेही एक घर रिकामे झाले. जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मार्च २०२२ मध्ये पाच वर्षे भरली. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या आणि हिंगोलीच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. आता जरा तेव्हाचे चित्र बघा. विभागाला विकास मंडळ नाही. जिल्ह्याला निवडून आलेली जिल्हा परिषद नाही, पंचायत समित्यांना सभापती नाहीत. जिल्हा नियोजन समितीत जिल्हा परिषदेतून येणारे सदस्यही नाहीत. उरले कोण? पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, त्यामागचा एक हेतू जिल्ह्याचा कारभार जिल्हाधिकाऱ्याच्या एकट्याच्या हातून काढून घेण्याचा होता. सेनगावच्या एखाद्या गावात शाळेची खोली गळत असेल तर तिथल्या माणसाने गटाच्या सदस्याला गाठायचे, सदस्याने सर्वसाधारण सभेत आवाज चढवायचा, आणि अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे, अशी ती साखळी. प्रशासकाच्या काळात ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अमलात आणणारा अधिकारी एकच. त्यातले काही अधिकारी उत्तम काम करतात, हेही खरे. पण त्यांना अडवून विचारायला समोर कोणी बसलेले नसते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे फर्मावले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने तिन्ही विकास मंडळांचे पुनर्गठन करण्याचा निर्णय घेतला आणि विषय पुन्हा दिल्लीच्या वाटेला लागला, कारण शेवटचा आदेश राष्ट्रपतींचा. या सरकारला उभे करण्यात हिंगोलीचा वाटा होता. हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील ठाकरेंना सोडून शिंदेंबरोबर गेले होते. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर तर विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशीच, ४ जुलैला, पलीकडे जाऊन बसले. पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ठाकरेंना बहुमत चाचणी द्यायला लावण्याचा कोश्यारींचा निर्णय समर्थनीय नव्हता असे सांगितले. मात्र ठाकरे चाचणीआधीच राजीनामा देऊन मोकळे झालेले असल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येत नव्हते.

२०२४ च्या लोकसभेला हेमंत पाटील यांची हिंगोलीची उमेदवारी कापली गेली. त्यांची सोय करणे पक्षाला भाग होते. १५ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा निवडणूक जाहीर व्हायच्या काही तास आधी, राज्यपालनियुक्त सात आमदारांचा शपथविधी झाला. त्यांत हेमंत पाटील होते. ज्या बारा जागांसाठी मराठवाड्याचे मंडळ अडवून ठेवले होते, त्यांतली एक जागा हिंगोलीच्या माजी खासदारांना मिळाली. राज्यपालांनी या यादीवर सही केली तेव्हा मंडळाची मुदत संपून साडेचार वर्षे होत आली होती आणि त्याच्या पुनर्गठनाचा आदेश निघालेला नव्हता.